दगडातल्या चाकोऱ्या

'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो. अमका चाकोरीबाहेरचा विचार करतो, तमक्याचे आयुष्य चाकोरीत गेले, असे आपण सहज बोलून जातो. परंतु चाकोरी म्हणजे प्रत्यक्षात काय, असे वर्गात विचारले तर फारसे हात वर येत नाहीत. बैलगाडीच्या लोखंडी धावांनी मातीत पाडलेल्या त्या दोन समांतर घळी पाहिलेली मुले आता थोडीच उरली. गाडीला रबरी टायर आले, रस्त्याला डांबर आले आणि वस्तू गेली. शब्द तेवढा मागे राहिला.

अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात, नॉर्थ प्लॅट नदीच्या काठी गर्न्सी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे मात्र चाकोऱ्या आजही पाहावयास मिळतात, आणि त्या मातीत नसून दगडात आहेत. वालुकाश्माच्या एका चढणीवर गाड्यांच्या चाकांनी, बैलांच्या खुरांनी आणि माणसांच्या पायांनी खडक झिजून काही ठिकाणी पाच फुटांपर्यंत खोल घळी पडल्या आहेत. उंच माणूस आत उभा राहिला तर त्याचे डोके तेवढे वर दिसावे! ज्या वाटेने हे घडविले तिला इतिहासात 'ओरेगॉन ट्रेल' असे म्हणतात. ही वाट कशी होती, ती पुसली कशी जाऊ लागली आणि कोणी ती पुन्हा शोधून जपली, याची हकीकत विद्यार्थी मित्रांनी व त्यांच्या पालकांनी वाचावी म्हणून हा लेख.

मिसुरी नदीकाठच्या इंडिपेंडन्स या गावापासून ओरेगॉनमधील विलामेट नदीच्या खोऱ्यापर्यंत ही वाट जात असे. अंतर सुमारे दोन हजार मैल, म्हणजे बत्तीसशे किलोमीटर. मार्गात प्लॅट नदीचे सपाट मैदान, मग रॉकी पर्वतातील 'साउथ पास' ही रुंद खिंड, मग स्नेक नदीचा उजाड प्रदेश आणि शेवटी पुन्हा डोंगर. 1843 साली सुमारे हजार माणसांचा मोठा तांडा या वाटेने गेला आणि ओघ सुरू झाला. 1848 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोने सापडले, तेव्हा तर त्या ओघाला पूर आला. ओरेगॉन, कॅलिफोर्निया आणि यूटा या तिन्ही ठिकाणी जाणारे लोक निम्म्याहून अधिक अंतर जवळजवळ एकाच वाटेने चालत. 10 मे 1869 रोजी पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली जाईपर्यंत तीन ते चार लाख माणसे या वाटांनी पश्चिमेकडे गेली, असा अंदाज आहे.

चित्रपटात पाहिलेली उधळलेल्या घोड्यांची गाडी येथे क्षणभर विसरावी लागेल. बहुतेक गाड्यांना बैल जुंपलेले असत. बैल घोड्यापेक्षा स्वस्त, माळावरच्या गवतावर जगणारा आणि चिवट. आपल्याकडील शेतकऱ्याला हे सांगावयास नको. गाडीचा साटा साधारण दहा फूट लांब व चार फूट रुंद. त्यावर लाकडी कमानी आणि कमानींवर जवसाचे तेल पाजलेले जाड कापड. आत पीठ, खारवलेले मांस, बियाणे, अवजारे आणि अंथरूण-पांघरूण भरले की बसावयास जागा उरत नसे. म्हातारे, आजारी व तान्ही मुले सोडली तर सगळे कुटुंब गाडीच्या बाजूने पायी चाले. दिवसाला पंधरा मैल झाले तरी चांगली मजल झाली म्हणत. एप्रिल-मे मध्ये गवत उगवल्यावर निघायचे आणि बर्फ पडण्यापूर्वी शेवटचे डोंगर ओलांडायचे. एकूण प्रवास चार ते सहा महिन्यांचा. कोरड्या हवेत चाकांचे लाकूड आकसून धावा निसटू लागत, तेव्हा रात्री चाके काढून नदीत भिजत ठेवीत. माळावर मैलोन् मैल झाड नसे, म्हणून बायका-मुले गव्यांच्या रानगोवऱ्या वेचून आणीत आणि त्यांवर भाकरी भाजीत. गृहस्थाच्या घरची मुलगी पहिल्या दिवशी गोवरीला हात लावताना नाक मुरडी आणि महिन्याभराने पदरात भरून आणी, अशा नोंदी त्या काळच्या रोजनिशींत वाचावयास मिळतात.

सर्वांत मोठा शत्रू होता रोग. 1849 ते 1852 या वर्षांत पटकीने या वाटेवर थैमान घातले. सकाळी चालत असलेला माणूस सायंकाळी मातीआड जाई. तांड्याला थांबावयास सवड नसे. पुष्कळदा वाटेतच खड्डा खणून प्रेत पुरीत आणि लांडग्यांनी उकरू नये म्हणून त्यावरूनच सगळ्या गाड्या हाकीत. त्यामुळे ज्याला मूठमाती दिली त्याची खूणही आपल्याच हाताने पुसावी लागे. या वाटेवरच्या हजारो कबरींपैकी ओळखू येणाऱ्या कबरी अगदी थोड्या आहेत, याचे हे एक कारण होय.

त्या थोड्यांतील एक कबर नेब्रास्का राज्यात स्कॉट्सब्लफ गावाजवळ आहे. 15 ऑगस्ट 1852 रोजी रिबेका विंटर्स नावाची बाई तेथे पटकीने वारली. तांड्यातील विल्यम रेनॉल्ड्स या स्नेह्याने गाडीच्या चाकाची एक लोखंडी धाव घेतली, तिच्यावर छिन्नीने त्या बाईचे नाव व 'वय 50 वर्षे' एवढी अक्षरे कोरली आणि ती वाकवून कबरीवर रोवली. लाकडी फळ्या कुजल्या, दगड हलले, धाव मात्र टिकली. एकोणिसावे शतक संपता संपता रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती रुळांच्या वाटेतच आढळली. तेव्हा कबर वाचावी म्हणून रूळ थोडे सरकविण्यात आले, असे सांगतात. वृत्तपत्रांतून बातमी फिरली, सॉल्ट लेक सिटीत राहणाऱ्या वंशजांपर्यंत पोहोचली आणि त्यांनी तेथे दगड बसविला. पुढे गाड्यांच्या अगदी जवळ येणाऱ्या यात्रेकरूंना धोका म्हणून 1995 साली ती कबर रुळांपासून दूर हलविण्यात आली. रेनॉल्ड्सने त्या रात्री कंटाळा केला असता, तर ही बाईही इतर हजारोंप्रमाणे निनावी झाली असती.

आता या वाटेला विस्मृतीतून वर काढणाऱ्या गृहस्थाकडे वळू. त्यांचे नाव एझ्रा मीकर. जन्म 1830 चा. 1852 साली, रिबेका विंटर्स ज्या उन्हाळ्यात गेली त्याच उन्हाळ्यात, एकवीस वर्षांचे मीकर पत्नी व तान्हे मूल घेऊन याच वाटेने बैलगाडीने पश्चिमेस आले आणि 1 ऑक्टोबरला पोर्टलंड येथे पोहोचले. दोन वर्षांनी त्यांचे आईवडील व भावंडे निघाली. आईला वाटेतच मृत्यूने गाठले आणि धाकटा भाऊ क्लार्क नदीत बुडाला. मीकर यांनी पुढे प्युअलप या गावी हॉप्सची, म्हणजे बियर गाळण्यासाठी वापरतात त्या वेलाची, शेती करून अफाट पैसा मिळविला. मग 1890 नंतर पिकावर मावा पडला, पाठोपाठ मंदी आली, आणि होते नव्हते ते गेले. पंचाहत्तरीला आलेला हा माणूस आता घरात बसून जुन्या गोष्टी सांगेल, असे कोणालाही वाटले असते.

म्हाताऱ्याने केले भलतेच. जानेवारी 1906 मध्ये त्यांनी जुन्या सुट्या भागांतून एक बैलगाडी जुळवली, ट्विस्ट आणि डेव्ह हे दोन बैल जुंपले आणि ते उलट दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले. वाट पुसत चालली आहे आणि ती चाललेली पिढीही संपत चालली आहे. दोन्ही संपण्याआधी गावोगावी दगड रोवून खुणा कराव्यात, एवढाच त्यांचा हेतू. घरच्यांना व मित्रांना हा वेडेपणा वाटला. मीकर यांना मात्र जे दिसले त्याने त्यांचे मन अधिकच घट्ट झाले. कित्येक ठिकाणी नांगराने चाकोऱ्या मोडल्या होत्या, कुंपणे पडली होती, आणि वाटेवरच घर बांधून राहिलेल्या लोकांना आपल्या अंगणातून काय गेले होते याची दादही नव्हती. मीकर गावात उतरत, शाळेत किंवा सभागृहात व्याख्यान देत, वर्गणीची हाक देत आणि दगड उभा करून पुढे निघत. आयडाहोतील बॉयसी येथे शाळेतल्या मुलांनी पैसे जमवून दिले. मोठ्यांपेक्षा मुलांनी या म्हाताऱ्याला लवकर ओळखले, असे मला वाटते. साउथ पासच्या खिंडीत त्यांनी रोवलेला दगड आजही आहे.

ते साधुसंत होते असे मात्र समजू नये. वाटेत ते आपली पुस्तके व पोस्टकार्डे विकत, गर्दी जमविण्याची कला त्यांना चांगली अवगत होती आणि हट्टीपणा तर अंगात मुरलेला होता. नेब्रास्कात ट्विस्ट बैल मेला, तेव्हा दुसरा मिळविण्यात दिवस गेले. पण परत फिरण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. 29 नोव्हेंबर 1907 रोजी, सुमारे बावीस महिन्यांनी, ही बैलगाडी वॉशिंग्टन शहरात पोहोचली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ती पाहण्यासाठी बाहेर आले. सरकारने या वाटेवर खुणा करण्यासाठी पैसा द्यावा, ही मागणी काँग्रेसपुढे मांडली गेली. ती मंजूर झाली नाही. मीकर स्वस्थ बसले नाहीत. 1910 ते 1912 या काळात ते पुन्हा बैलगाडीने गेले, 1916 साली मोटारीने गेले, आणि 1924 साली, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, सैन्याच्या विमानातून त्याच वाटेवरून उडाले. ज्या अंतराला पूर्वी पाच महिने लागले त्याला आता दिवस लागले. 3 डिसेंबर 1928 रोजी ते वारले, तेव्हा अठ्ठ्याण्णव पुरे होण्यास महिनाही उरला नव्हता. त्यांची गाडी आणि डेव्ह व डँडी हे बैल (कातड्यात पेंढा भरून) टकोमा येथील संग्रहालयाने जतन केले आहेत.

1926 साली मीकर यांच्या खटपटीने अमेरिकन सरकारने या वाटेच्या स्मरणार्थ अर्ध्या डॉलरचे चांदीचे नाणे पाडले. नाण्याच्या एका बाजूस बैल जुंपलेली छपराची गाडी मावळतीकडे चालली आहे. दुसऱ्या बाजूस अमेरिकेच्या नकाशावर एक मूळ रहिवासी पुरुष उभा आहे, आणि त्याने हात लांब पसरला आहे. तो स्वागत करतो आहे की थांबा म्हणतो आहे, हे ज्याने त्याने ठरवावे.

कारण ही वाट कोणाच्या तरी अंगणातूनच गेली होती. ज्यांना आपण पूर्वी सरसकट 'रेड इंडियन' म्हणत असू, त्या पॉनी, लकोटा, शायेन, शोशोनी, कायूस अशा अनेक जमातींचा तो मुलूख. तांड्यांनी त्यांचे गवत संपविले, गवे पांगविले आणि पटकीही त्यांच्यापर्यंत पोहोचविली. 1849 मध्ये पॉनी व शायेन लोकांत तिने मोठी माणूसहानी केली. चित्रपटांनी मात्र आपल्याला उलटेच शिकविले: गाड्यांचा गोल, आत भेदरलेली बाया-मुले, बाहेर आरोळ्या ठोकणारे घोडेस्वार. जॉन उन्रू या इतिहासकाराने रोजनिशा, पत्रे व वृत्तपत्रे यांतून एक एक घटना मोजली आणि 1979 साली ती प्रसिद्ध झाली. 1840 ते 1860 या वीस वर्षांत मूळ रहिवाशांच्या हातून मारले गेलेले प्रवासी 362. प्रवाशांच्या हातून मारले गेलेले मूळ रहिवासी 426. लाखो माणसांच्या प्रवासात पटकी व अपघातांनी नेलेल्यांपुढे हा आकडा फारच लहान आहे. उलट नदी पार करून देणे, वाट दाखविणे, मासे व बटाटे विकणे, थकलेल्या बैलांच्या बदल्यात ताजी जनावरे देणे, हे व्यवहार नित्याचे होते. कागद जपून ठेवले म्हणूनच हा हिशेब करता आला. नाहीतर चित्रपट हाच इतिहास ठरला असता.

याच संदर्भात मीकर यांच्या आयुष्यातील एक प्रसंग मला त्यांच्या बैलगाडीपेक्षाही मोलाचा वाटतो. 1854 च्या एका तहाने निस्क्वाली जमातीच्या जमिनी गेल्या आणि पुढच्या वर्षी लढाई पेटली. त्या जमातीचे सरदार लेशाय यांच्यावर एका शिपायाच्या खुनाचा आरोप ठेवला गेला. 1856 साली खटला उभा राहिला, तेव्हा पंचांत तरुण मीकर होते. भोवतालचे वातावरण तापलेले, वसाहतवाल्यांना फाशी हवी होती. मीकर व आणखी एक पंच यांनी दोषी म्हणण्यास नकार दिला, आणि पंचांत एकमत झाले नाही. दुसरा खटला भरविण्यात आला. त्यात शिक्षा झाली आणि 19 फेब्रुवारी 1858 रोजी लेशाय यांना फाशी दिली. मीकर ही गोष्ट विसरले नाहीत. 1905 साली त्यांनी आपल्या आठवणींचे पुस्तक काढले, तेव्हा त्याच्या नावातच लेशाय यांची शोकांतिका गोवली आणि घडलेला अन्याय नावानिशी लिहून ठेवला. आपल्याच लोकांविरुद्ध लिहिणे किती कठीण असते, हे ज्याने कधी जातीच्या वा जमातीच्या बैठकीत एकट्याने विरोधी मत मांडले असेल त्याला सांगावयास नको. पुढे 10 डिसेंबर 2004 रोजी वॉशिंग्टन राज्यात न्यायाधीशांच्या एका खास ऐतिहासिक न्यायमंडळाने एकमताने ठरविले की, लढाईतील मृत्यूबद्दल लेशाय यांच्यावर खुनाचा खटला चालावयासच नको होता. फाशीनंतर 146 वर्षांनी!

मीकर यांच्यामागे हे काम थांबले नाही. नेब्रास्का-वायोमिंगकडील पॉल हेंडरसन यांच्यासारख्या हौशी माणसांनी आयुष्यभर नकाशे काढले. मेरिल मॅट्स यांनी ग्रंथालये व घरांतील पेट्या धुंडाळून दोन हजारांवर प्रवासवृत्तांतांची जंत्री केली. ती 1988 साली छापली गेली. केनेथ होम्स यांनी बायकांच्या रोजनिशा व पत्रे अकरा खंडांत प्रसिद्ध केली. पुरुष मैल व गवताचे हिशेब लिहीत, तर बायका कबरी मोजीत. दोन्ही वाचल्याशिवाय त्या प्रवासाचे चित्र पुरे होत नाही. 1978 साली कायद्याने ओरेगॉन ट्रेलला राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा मिळाला. 1982 साली ग्रेगरी फ्रँझ्वा प्रभृतींनी या वाटांसाठी एक संस्था काढली. तिचे सभासद बहुतेक सामान्य लोक, सुटीच्या दिवशी उन्हात वाट शोधीत हिंडणारे.

ही शोधाशोध कशी करतात तेही सांगण्यासारखे आहे. सरकारी मोजणीदारांनी एकोणिसाव्या शतकात जमिनीचे चौरस पाडले, तेव्हा त्यांच्या रेषेला जेथे जेथे गाडीवाट छेदली तेथे वहीत नोंद केली. या नोंदी आजच्या नकाशावर मांडतात. मग विमानातून घेतलेली छायाचित्रे पाहतात. चाकोरीत पाणी अधिक मुरत असल्याने तेथील गवत निराळे दिसते, आणि जमिनीवर न कळणारी रेघ वरून स्पष्ट उमटते. शेवटी प्रत्यक्ष जागेवर बैलांच्या नालांचे तुकडे, खिळे, साखळीच्या कड्या सापडतात का ते पाहतात. रोजनिशी, मोजणी, छायाचित्र आणि लोखंड या चौघांची साक्ष जुळली तरच येथून वाट गेली असे म्हणावयाचे. खुद्द मीकर आठवणीवर विसंबत. पन्नास वर्षांपूर्वीची आठवण प्रामाणिक असली तरी दगड जागेवरच पडेल अशी खात्री ती देऊ शकत नाही.

आणि 1998 साली ओरेगॉनमधील पेंडल्टन गावाजवळ कायूस, युमटिला व वाला वाला या जमातींनी आपले स्वतःचे संग्रहालय उघडले. तमास्त्स्लिक्त असे त्याचे नाव. तेथे हीच वाट दुसऱ्या बाजूने सांगितली आहे: गाड्या दिसू लागण्यापूर्वी काय होते, त्या आल्या तेव्हा काय झाले, आणि आज आम्ही कोठे आहोत. नाण्याची दुसरी बाजू बोलू लागली ती अशी.

जाता जाता दक्षिणेकडच्या एका दुसऱ्या गाडीवाटेची हकीकत सांगतो, कारण तिच्यातला माणूस आपल्या वाचकांना ऐकूनही ठाऊक नसेल. 1857 साली अमेरिकन सरकारने एडवर्ड बील यांना न्यू मेक्सिकोपासून कोलोरॅडो नदीपर्यंत वाळवंटातून गाडीवाट आखावयास पाठविले. सामान वाहण्यासाठी बरोबर पंचवीस उंट होते! सैन्याने ते भूमध्य समुद्राच्या मुलखातून जहाजाने आणविले होते, आणि त्यांना हाकणारे लोकही तिकडचेच. त्यांतील एकाचे नाव हाजी अली. शिपायांच्या जिभेला ते पेलेना. त्यांनी 'हाय जॉली' करून टाकले. उंटांनी काम चोख बजावले, पण खेचरे त्यांना बुजत, आणि पुढे यादवी युद्ध सुरू झाल्यावर तो प्रयोग बारगळला. वाट मात्र राहिली. त्या वाटेने लोक पश्चिमेला गेले, पुढे तिच्याच जवळून रेल्वे गेली आणि तिच्यानंतर प्रसिद्ध 'रूट 66' हा मोटाररस्ता. हाजी अली सरकारी वाटाड्या म्हणून, मालवाहू म्हणून अ‍ॅरिझोनात राहिले आणि 1902 साली क्वार्ट्झसाइट या गावी वारले.

1935 साली अ‍ॅरिझोनाच्या रस्ते खात्याने त्यांच्या कबरीवर स्थानिक दगडांचा एक लहानसा पिरॅमिड बांधला आणि त्याच्या टोकावर तांब्याचा उंट बसविला. तेथील पाटीवर उंट हाकणारा, मालवाहू, वाटाड्या आणि तीस वर्षांहून अधिक काळ सरकारचा इमानी सेवक असे त्यांचे वर्णन केलेले आहे. बील यांनी आखलेली वाट आज नकाशावर मैलामैलाने दाखविता येते. तिच्यावरून उंट नेणाऱ्या या माणसाच्या जन्मस्थळाविषयी त्या पाटीवर एवढेच कोरलेले आहे की तो सीरियात कोठेतरी, 1828 च्या सुमारास जन्मला.